मंडळ कागदावर नव्हतं, सही मात्र माझी होती

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या गावात तीन दिवसांची व्याख्यानमाला झाली. भरवणारं वाचकांचं एक मंडळ. अध्यक्ष गावातलं वजनदार नाव आणि सचिव मी, शाळेतली बाई. मंडप, खुर्च्या, साउंड आणि जनरेटर यांचं बिल झालं १ लाख १२ हजार रुपये. ते आज मी माझ्या पगारातून फेडते आहे. ज्यांच्याकडे देणग्या जमा झाल्या, ते अध्यक्ष मोकळे आहेत. ही वेळ आणखी कुणावर येऊ नये म्हणून सगळं लिहिते आहे.

आमच्या लेटरहेडवर मंडळाच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, 'नोंदणी प्रक्रियेत'. दोन वर्षं ते तसंच छापून येत होतं. नोंदणी नाही म्हणून मंडळाच्या नावाने बँकेत खातं निघेना, आणि खातं नाही म्हणून पत्रिकेवर अध्यक्षांच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड छापला गेला. "बाई, पैसा एका जागी राहील, हिशोबाला सोपं," असं ते म्हणाले. तिथेच मी अडून बसायला हवं होतं.

मंडपवाला ऑर्डर लिहून घ्यायला आला, तेव्हा अध्यक्ष बाहेर गाडीत फोनवर बोलत होते. तिथूनच हाताने खूण करून म्हणाले, "सचिव तुम्ही आहात, करून टाका सही." मंडपवाल्याने डुप्लिकेट बुकात कार्बन सरकवला आणि लिहीत गेला: खुर्च्या ४००, सतरंज्या २०, स्टेज २० बाय १५. खाली मी माझं पूर्ण नाव लिहून सही केली. मंडळाचं नाव नाही, पद नाही, शिक्का नाही.

कार्यक्रम सुरेख झाला. पुढे मंडपवाला पैसे मागायला आला की अध्यक्ष 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचे. मग फोन उचलेनासे झाले. शेवटी एकदा मी घरी गेले, तर शांतपणे विचारलं, "कुठलं मंडळ? कागद दाखवा." मी पोलीस ठाण्यात गेले, तिथे सांगितलं की हा दिवाणी मामला आहे.

वकिलाची नोटीस आली ती फक्त माझ्या नावाने. २०२४ मध्ये दावा दाखल झाला. अशी वसुली म्हटली की लोकांना लघुवाद न्यायालय, म्हणजे लहान रकमांचे दावे चालवणारं कोर्ट आठवतं, पण आमच्याकडचा दावा तालुक्याच्या कोर्टात, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यासमोर लागला. बेलीफ समन्स घेऊन थेट शिक्षकखोलीत आला. सगळ्यांसमोर सही करताना माझा हात थरथरत होता. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. त्यातले २० दिवस मी 'मी वकील बघतो' या अध्यक्षांच्या निरोपावर घालवले. ही चूक अजिबात करू नका. स्वतःचा वकील पहिल्याच आठवड्यात गाठा.

माझ्या वकीलबाईंनी भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम २३० उघडून दाखवलं. दुसऱ्याच्या वतीने करार करणारा माणूस एरवी स्वतः बांधील नसतो. पण ज्याच्या वतीने केला त्याच्यावर दावाच लावता येत नसेल, तर करार करणाऱ्यालाच बांधील धरतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला कायद्यापुढे वेगळं अस्तित्व नाही. म्हणजे त्या ऑर्डरवर मंडळाचं नाव असतं तरी माझी सुटका अवघडच होती. उलट सात माणसं जमवून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदणी केली असती, तर संस्थेविरुद्धचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा आदेश, संस्थेच्याच मालमत्तेवर बजावला गेला असता, पदाधिकाऱ्याच्या घरादारावर नाही. हे कळल्यावर त्या 'प्रक्रियेत' या शब्दाचा मला फार संताप आला.

अध्यक्षांनाही प्रतिवादी करून घेतलं. त्यांनी सांगितलं की ते फक्त उद्घाटनाला आले होते. ऑर्डर द्या, असे त्यांचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप होते, पण मधे मी फोन बदलला आणि सगळं गेलं. बैठकीचं इतिवृत्त कुणी लिहिलं नव्हतं, ठरावाची वही नव्हती. २०२५ मध्ये निकाल लागला: पूर्ण रक्कम आणि त्यावर दरसाल ६ टक्के व्याज, माझ्या एकटीवर.

मंडपवाल्यावर माझा राग नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो म्हणाला, "बाई, माझी पोरं तुमच्या हाताखाली शिकली. तुमच्या शब्दावर मंडप दिला होता." त्याचंही खरंच होतं. हुकूमनाम्यापोटी पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास जप्ती येऊ शकते, हे कळल्यावर मी त्याच्याशी बोलून महिन्याचे हप्ते बांधून घेतले. दर हप्त्याची लेखी पावती घेते, आणि तीवर दाव्याचा क्रमांक लिहायला लावते.

आता अध्यक्षांकडून ही रक्कम वसूल करण्यासाठी माझा वेगळा दावा तयार होतो आहे. त्यात सगळ्यात मोलाचा पुरावा आहे तो त्या क्यूआर कोडवर गेलेला पैसा. ज्यांनी देणग्या पाठवल्या, त्यांच्याकडून मी बँकेच्या खातेउताऱ्यातली ती नोंद मागते आहे. आतापर्यंत ११ जणांनी दिली. उरलेल्यांची यादी माझ्याकडे आहे आणि दर रविवारी मी त्यांच्या दारी जाते.