मॅगझिनचा ब्रश आणि कोरडं वंगण: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो: ब्रश घ्या, स्प्रेचं नंतर बघा. मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात बसणारी काडतुसांची पेटी, साफ करायचा नायलॉनचा लांब ब्रश आणि पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) असलेला कोरड्या वंगणाचा स्प्रे, दोन्ही मी एकदमच घेतले. ०.२२ इंची रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात होतो ती) आणि सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर आघात होतो ती), अशा दोन्ही पिस्तुलांची मॅगझिनं त्यांनी साफ केली. काही स्टीलची, काही पॉलिमरची.

खरा कस लागतो तो ०.२२ मध्ये. या काडतुसांच्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. त्यात जळक्या दारूची काजळी मिसळली की फॉलोअरच्या (मॅगझिनमध्ये काडतुसांना खालून वर रेटणाऱ्या तुकड्याच्या) कडांवर काळपट, चिकट लेप बसतो. नखाने खरवडला तर मेणासारखा गोळा होऊन निघतो. कोरड्या ब्रशने यातलं बरंचसं सुटतं, उरलेल्यासाठी सॉल्व्हंटचा ओलसर कपडा पुरतो. तक्रार एकच: अरुंद, एकेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये हा ब्रश कोंबावा लागतो आणि त्याचे केस वाकून बसतात. तिथे पातळ काडीला सुती पट्टी गुंडाळून काम जास्त चांगलं होतं. दुहेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये मात्र ब्रशला तोड नाही, मागच्या कोपऱ्यातली न जळलेली दारूही झाडून निघते.

मॅगझिन पिस्तुलातून काढलेलं आणि पूर्ण रिकामं हवं, हे सांगायला नकोच. बेसप्लेट, म्हणजे मॅगझिनच्या बुडाचं झाकण, सरकवताना अंगठा स्प्रिंगवर दाबून धरा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. ती स्प्रिंग सुटली की कुठे जाईल याचा नेम नसतो. बाहेर काढल्यावर तिची वरची बाजू कोणती आणि तोंड कुठे होतं ते बघून ठेवा. उलटी बसली तर फॉलोअर तिरका होतो आणि मग आपण विनाकारण काडतुसांना दोष देत बसतो.

आता स्प्रे. डबा नीट हलवून, खिडकी उघडी ठेवून, आतल्या भिंतींवर आणि फॉलोअरच्या घासणाऱ्या कडांवर हलका फवारा मारायचा. द्रावक उडून गेला की पांढुरका कोरडा थर उरतो. तो पूर्ण वाळेपर्यंत मॅगझिन जोडायचं नाही. स्टीलच्या मॅगझिनमध्ये फरक जाणवला: शेवटची काडतुसं भरताना अंगठ्याखाली जी खरखर लागायची ती गेली. पॉलिमरमध्ये खरं सांगायचं तर काहीच कळलं नाही. शिवाय पुढच्या वेळी सॉल्व्हंट लावून ब्रश मारला की हा थर बराच निघून जातो, म्हणजे पुन्हा फवारा आलाच. डब्याचं नोझल तर असं आहे की हलका हात ठेवला तरी भस्सकन फवारा येतो.

मग साधं तेलच का नको? कारण ते ओलं राहतं. धूळ, वाळू, काजळी सगळं त्याला चिकटतं आणि फॉलोअर जड होतो. त्याचा त्रास आधी शेवटच्या काडतुसांना होतो, कारण तोवर स्प्रिंग बरीच मोकळी झालेली असते आणि तिचा रेटा सगळ्यात कमी असतो. मॅगझिन रिकामं झाल्यावरही स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे अडकत नसेल, तर आधी आत डोकावून बघा. तेल काडतुसाला लागलं तर आणखी पंचाईत. प्रायमरपर्यंत (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागापर्यंत) झिरपलं तर काडतूस दगा देऊ शकतं, आणि तेलकट कवचाची चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीवरची पकड सुटून ब्रीचवर, म्हणजे काडतुसामागच्या भागावर, जास्त दाब येतो. म्हणून माझ्या मॅगझिनांत ओलं काही राहत नाही. स्टीलला गंज चढू नये म्हणून तेलाचा हात लावतो तो फक्त बाहेरून, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घेतो. पॉलिमरला साबणाचं कोमट पाणीही चालतं, पण स्प्रिंग वेगळी काढून खडखडीत वाळवायची.

ग्रॅफाइटची पूड स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण सुचवतात. मला ती नको. हात काळे होतात तो भाग सोडा, अ‍ॅल्युमिनियमच्या भागाला ग्रॅफाइट आणि ओलावा एकत्र लागला की धातू खाल्ला जातो.

एक गोष्ट मात्र ना ब्रशने सुटते ना स्प्रेने: वाकलेले फीड लिप्स (मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा) आणि थकलेली स्प्रिंग. प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला रंगाने नंबर टाकला की अडखळणारं कोणतं ते लगेच सापडतं. एकच नंबर वारंवार अडत असेल तर साफसफाई पुरे, स्प्रिंग बदला. ती भरलेल्या अवस्थेत राहून जेवढी झिजते त्यापेक्षा सारखी दाबली-सुटली जाऊन जास्त झिजते, त्यामुळे सरावाची मॅगझिनं आधी थकणार.

ब्रशला पाचपैकी चार, एक गुण अरुंद मॅगझिनसाठी कापला. स्प्रेला तीन, तेही स्टीलमुळे. डबा संपल्यावर नवा आणायची घाई करणार नाही. ब्रश मात्र केस गळायला लागले की त्याच दिवशी बदलेन, कारण मॅगझिनमध्ये अडकलेला नायलॉनचा एक तुकडा काढायला चिमटा घेऊन बसावं लागतं.