टोकियोतील मिशनऱ्यांचा मोफत इंग्रजी संभाषण वर्ग : एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील अनेक जणींना इंग्रजी वाचता येते, बातम्या समजतात, परंतु समोरच्याशी बोलण्याची वेळ आली की वाक्य तोंडातच अडखळते. खाजगी संभाषण वर्गांचे शुल्क दरमहा भरणे प्रत्येकीला शक्य नसते. अशा वेळी ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे तरुण मिशनरी आपल्या प्रार्थनागृहात जो मोफत संभाषण वर्ग चालवतात, त्याचा विचार अवश्य करावा. मी टोकियोत या वर्गाला नियमित जाते. लोक या पंथाला मॉर्मन म्हणून ओळखतात. मात्र चर्चचे तत्कालीन अध्यक्ष रसेल एम. नेल्सन यांनी २०१८ मध्ये पूर्ण नावच वापरावे असे आवाहन केले होते, म्हणून येथे ते आवर्जून दिले आहे.

मी जाते तेथे वर्ग आठवड्यातून एकदा, संध्याकाळी भरतो. शुल्क नाही, परीक्षा नाही, पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. येणाऱ्याला किती बोलता येते ते पाहून लहान गट केले जातात आणि प्रत्येक गटाबरोबर एखादा मिशनरी बसतो. आमच्या गटात निवृत्त जपानी गृहस्थ आहेत, महाविद्यालयीन मुली आहेत, माझ्यासारख्या परदेशी गृहिणीही आहेत. चूक झाली तर शिक्षक थांबवत नाहीत; आपलेच वाक्य दुरुस्त करून सहज पुन्हा म्हणतात आणि संभाषण पुढे नेतात. बोलण्याची भीती घालवण्यासाठी याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. शेवटची काही मिनिटे एखाद्या धार्मिक विचारासाठी राखलेली असतात. त्या वेळी थांबायचे की निघायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, असे आम्हाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगण्यात आले. मोफत मिळणाऱ्या गोष्टीमागे देणाऱ्याचा हेतू काय, हे त्याने स्वतःहून आधीच सांगावे, असे मला वाटते; येथे तसे घडले, म्हणूनच मी निश्चिंत मनाने जाऊ शकले.

वर्गाच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. हे मिशनरी भाषाशिक्षणाचे पदवीधर नसतात. ‘असेच म्हणतात’ एवढे त्यांना ठाऊक असते, पण त्यामागचा व्याकरणाचा नियम सांगता येईलच असे नाही. शिवाय मिशनमध्ये, म्हणजे धर्मप्रसाराच्या त्यांच्या सेवाकाळात, साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा विचार होतो, त्यामुळे ज्या शिक्षकाशी सूर जुळला तो एखाद्या आठवड्यात दुसऱ्या शहरी गेलेला असतो. ज्यांना टोइकसारख्या परीक्षेची तयारी करायची आहे किंवा क्रमाने चढत जाणारा अभ्यासक्रम हवा आहे, त्यांनी दुसरा मार्ग शोधावा हे बरे.

तरीही हा वर्ग सोडून दुसरीकडे जावे असे मला वाटले नाही, आणि त्याचे कारण शिकवणाऱ्यांच्या जगण्यात आहे. भूतकाळाचा सराव म्हणून आम्ही एकमेकांना ‘काल तुम्ही काय केले?’ असे विचारतो. आमची उत्तरे स्वयंपाक, बाजार, कार्यालय यांभोवती फिरतात. मिशनऱ्यांची उत्तरे मात्र वेगळ्याच शिस्तीची ओळख करून देतात. पहाटे साडेसहाच्या सुमारास उठणे, प्रार्थना आणि थोडा व्यायाम, मग धर्मग्रंथांचे वाचन, मग जपानीचा अभ्यास, त्यानंतर सायकलवरून दिवसभर लोकांच्या भेटी आणि रात्री साडेदहापर्यंत दिवे मालवणे. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो आणि बदली होईपर्यंत दोघांनी सतत बरोबर राहायचे असते. जोडीदार स्वतः निवडता येत नाही. स्वभाव जुळले नाहीत तर काय करता, असे आमच्या गटातील एकीने विचारले, तेव्हा एका शिक्षिकेने सांगितले की आठवड्यातून एकदा दोघी समोरासमोर बसतात आणि काय चांगले झाले, काय खटकले हे एकमेकींना सांगतात. बोलायला अवघड अशा गोष्टी सौम्य शब्दांत कशा मांडाव्यात, हे त्या संध्याकाळी मी इंग्रजीच्या निमित्ताने शिकले.

ही मुले-मुली किती लहान आहेत हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. चर्चने २०१२ मध्ये मिशनला जाण्याचे किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केले; २०२५ मध्ये मुलींसाठीही ते १८ झाले. मुले दोन वर्षे, मुली दीड वर्ष सेवा करतात. या सेवेचे वेतन नसते. उलट खर्चाचा वाटा स्वतःच्या बचतीतून किंवा कुटुंबाकडून द्यावा लागतो. कोणत्या देशात जायचे हेही त्यांच्या हाती नसते. ज्याने जपानचा कधी विचारही केला नव्हता, तो यूटा राज्यातील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे जपानीचे धडे घेतो आणि थेट टोकियोच्या रस्त्यावर उभा राहून अनोळखी माणसांशी त्या भाषेत बोलू लागतो. आमच्या अडखळण्याकडे हे शिक्षक इतक्या सहानुभूतीने का पाहतात याचे उत्तर मला येथे सापडले: आम्हाला इंग्रजीत होणारा त्रास ते स्वतः रोज जपानीत सोसत असतात. पूर्वी त्यांना वर्षातून नाताळासारख्या एक-दोन प्रसंगीच घरी फोन करता येत असे. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला, त्यांच्या तयारीच्या दिवशी, घरच्यांशी बोलण्याची मुभा मिळाली. कपडे धुणे, बाजारहाट, खोली आवरणे आणि आईशी बोलणे हे सगळे त्या एका दिवसात बसवावे लागते.

त्यांच्या पथ्यांचा जपानमध्ये किती कस लागतो हेही सांगण्यासारखे आहे. १८३३ च्या ज्या शिकवणुकीला ते ‘ज्ञानाचे वचन’ म्हणतात, तिच्यानुसार मद्य, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहे, आणि हिरवा चहाही त्यात येतो. ज्या देशात घरी आलेल्या पाहुण्यापुढे हिरवा चहा ठेवणे हा आदराचा भाग आहे, तेथे तो नाकारताना यजमानाचे मन दुखावू नये याची काळजी घ्यावी लागते. बार्लीपासून केलेले ‘मुगिचा’ हे पेय त्यांना चालते, हे आमच्या गटातील आजोबांना कळले आणि तेव्हापासून ते वर्गाला येताना त्याची बाटली आणतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे लोक सलग दोन वेळचे जेवण सोडतात आणि त्यातून वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. एकादशीच्या उपवासात वाढलेल्या मला यातले काहीच परके वाटले नाही. दानाची ही जोड मात्र मनापासून आवडली.

एकदा त्याच आजोबांनी एका तरुणाला विचारले, ‘इतके लोक दार बंद करून घेतात, मग तुमची श्रद्धा डळमळत नाही का?’ जपानमध्ये पंथ स्वीकारणारे फार थोडे असतात, हे आम्हा सर्वांनाच ठाऊक होते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आम्हाला समजेल अशा साध्या इंग्रजीत त्याने सांगितले की काही रात्री खूप एकटे वाटते, आणि अशा वेळी दिवसभरात भेटलेल्या माणसांची आठवण करून तो त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा धर्मग्रंथ वाचून तो खरा आहे का असे देवालाच विचारावे, ही त्यांच्या पंथाची शिकवण आहे. आपण तसे विचारले तेव्हा मनाला जी शांती मिळाली, तिच्या आधारावर येथे आलो, असे तो म्हणाला. त्याने आम्हाला पटवण्याचा प्रयत्न केला नाही. माझी श्रद्धा विठ्ठलाच्या ठायी आहे आणि ती तेथेच राहील, परंतु विचारलेल्या प्रश्नाला इतके सरळ उत्तर देणाऱ्या त्या मुलाबद्दल मला मनापासून आदर वाटला.

या कामाला जपानमध्ये मोठी परंपरा आहे. चर्चचे एक वरिष्ठ नेते हीबर जे. ग्रांट यांच्या नेतृत्वाखाली चार मिशनरी ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामा येथे उतरले. त्यांच्यातील आल्मा टेलर तेव्हा १९ वर्षांचे होते. आठ वर्षांनी, १९०९ मध्ये, त्यांनीच केलेला ‘बुक ऑफ मॉर्मन’चा जपानी अनुवाद प्रसिद्ध झाला. १९२४ मध्ये मिशन बंद पडले आणि युद्धानंतर १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाले. आशियातील या पंथाचे पहिले मंदिर (नेहमीच्या प्रार्थनागृहाहून वेगळी, विशेष विधींची वास्तू) १९८० मध्ये टोकियोतच उभे राहिले.

आता व्यवहाराचे बोलते. वर्गानंतर कधी रविवारच्या प्रार्थनासभेचे किंवा धर्मविषयक भेटीचे निमंत्रण मिळते. इच्छा नसेल तर ‘मला केवळ इंग्रजी शिकायचे आहे’ असे नम्रपणे आणि पहिल्याच वेळी सांगावे. मी सांगितले आणि विषय तेथेच संपला. एकट्या येणाऱ्या स्त्रियांसाठी सांगते की या मिशनऱ्यांना भिन्नलिंगी व्यक्तीबरोबर एकट्याने थांबण्याची मनाई असते आणि ते नेहमी जोडीनेच असतात, त्यामुळे वर्गात वावरताना मला कधी संकोच वाटला नाही. दिवस आणि वेळ प्रत्येक प्रार्थनागृहानुसार वेगळी असते. पांढरा सदरा आणि काळी नावाची पट्टी लावलेली जोडी स्थानकाजवळ दिसली तर तिलाच विचारावे, बहुधा वर्गाचे पत्रक लगेच हाती मिळते. पहिल्या दिवशी स्वतःविषयी चार वाक्ये तयार करून जावे, कारण सुरुवात प्रत्येकाच्या ओळखीने होते.