जुन्या गाडीचा डिजिटल मीटर आणि वाढीव अर्थिंग: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरील डिजिटल मीटर, म्हणजे इंधन, तापमान इत्यादी दाखवणारा पडदा, लुकलुकू लागला की पहिला सल्ला बहुधा ‘मीटर बदला’ असाच मिळतो. मलाही एका वर्कशॉपमध्ये तोच मिळाला. त्याऐवजी उन्हाळ्याच्या अखेरीस मी एक साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्टेज, रोध इत्यादी मोजणारे हातातले उपकरण) घेतला आणि मोजमापानंतर गाडीला तांब्याची वाढीव अर्थ केबल बसवून घेतली. आता बेळगाव–खानापूर–जांबोटी पट्ट्यातील संपूर्ण पावसाळा काढल्यानंतर या दोन्हींविषयी लिहीत आहे.

लक्षणे अशी होती: हेडलाइट आणि ब्लोअर एकत्र चालू केले की पडदा मंद होई, इंधनाच्या पट्ट्या उगीच कमी-जास्त होत आणि इंडिकेटरच्या प्रत्येक टिकटिकीबरोबर तापमानाचा आकडा हलत असे. एका उपकरणाचा भार वाढल्यावर भलताच आकडा बिघडणे ही सामाईक अर्थिंग, म्हणजे सर्व उपकरणांचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याची वाट, कमकुवत झाल्याची ठळक खूण आहे. डिजिटल मीटर सेन्सरकडून येणारा व्होल्टेज स्वतःच्या अर्थिंगच्या तुलनेत मोजतो. त्या अर्थिंगचाच व्होल्टेज शून्यावरून वर सरकला, तर सेन्सर निर्दोष असूनही आकडा चुकतो.

येथे मल्टीमीटर कोणत्या पद्धतीने वापरला जातो यावर सारे अवलंबून आहे. बहुतेक जण तो कंटिन्युइटीवर (वायर अखंड आहे का, एवढेच तपासण्याच्या सोयीवर) लावतात, ‘बीप’ ऐकतात आणि अर्थिंग ठीक आहे असे ठरवतात. वायरीच्या बहुतेक तारा तुटून दोन-तीनच शिल्लक असल्या, तरी बीप येतोच. शिवाय ब्लोअरचे १० अँपिअर वाहत असताना सांध्यातील केवळ ०.०८ ओहम रोधामुळे ०.८ व्होल्ट अडकून पडतात, आणि साध्या मल्टीमीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध याहून जास्त असू शकतो. मग ओहमच्या मापनात हा दोष दिसणार तरी कसा? म्हणून मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरे डॅशबोर्डमागील मीटरच्या अर्थ पिनला लावावे आणि इंजिन चालू ठेवून दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर हे सर्व सुरू करून आकडा पाहावा. तो ०.१ व्होल्टच्या आत असावा. माझ्या गाडीत ०.९ आला.

दोष चालकाच्या उजव्या पायाजवळील प्लास्टिकच्या पट्टीमागे सापडला. पुढच्या काचेखालून झिरपलेले पाणी तेथील बोल्टवर उतरत होते. एकाच बोल्टखाली चार थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दडपलेली. वरचे चकचकीत, सर्वांत खालचे मात्र हिरवट पुटाने आणि लाल मातीच्या थराने पत्र्यापासून जवळजवळ सुटलेले. बॅटरीची ऋण वायर आधी काढून पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळला आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत थिंबल दाबून घेतलेली १६ चौरस मिलिमीटरची केबल इंजिन ब्लॉक आणि बॉडी यांच्यामध्ये जोडली. त्याच भाराखाली आकडा ०.०४ व्होल्टवर आला.

केबल बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनने “काका, एवढी जाड कशाला हो?” असे विचारले खरे, पण स्टार्टरचा प्रवाह इंजिनच्या मूळ अर्थ पट्टीतून नीट गेला नाही, तर तो क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाट काढतो, त्या जागी बारीक वायर नकोच.

चोर्ला घाटातील धुके, कणकुंबीकडचा न थांबणारा पाऊस आणि निपाणीकडे जाताना महामार्गावर ट्रकांनी उडवलेला चिखल या सर्वांतून पडदा स्थिर राहिला. श्रावणानंतर पुन्हा मोजले तेव्हा आकडा ०.०५ होता. जेली लावलेला सांधा स्वच्छ होता. इंजिनकडील थिंबलवर मात्र हलका पांढरा थर आला होता, कारण तेथे रबरी टोपी बसवलेली नव्हती. ती आता बसवली आहे.

मल्टीमीटरबद्दल एक तक्रार आहे. त्याचा आकडा सावकाश बदलतो, त्यामुळे स्टार्टर फिरतानाची क्षणिक घसरण त्यात पकडता येत नाही. किमान-कमाल नोंद ठेवणारा मल्टीमीटर थोडा महाग असला तरी तोच घ्यावा. वाढीव केबलचीही मर्यादा आहे. डॅशबोर्डवर टिचकी मारल्यावर पडदा जात-येत असेल आणि व्होल्टेजची घसरण ०.१ च्या आत असेल, तर दोष मीटरच्या आतील तडकलेल्या सोल्डरमध्ये असण्याचा संभव अधिक. अशा वेळी केबलवर खर्च करू नये, मीटर उघडून सांधे पुन्हा डाग देऊन घ्यावेत. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या वेष्टनाच्या वायरींना मल्टीमीटर लावू नये.