उदगीरच्या लढाईचं साल आणि माझी 'पहिली आवृत्ती'

मराठवाड्यातल्या किल्ल्यांवरच्या माझ्या पहिल्या पुस्तकात उदगीरच्या लढाईचं साल चुकलं होतं. १७६० च्या जागी १६७० छापलं गेलं. सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं, दौलताबादसह मोठा मुलूख घेतला आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं, हे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पुस्तक येऊन पंधरा दिवस झाले नसतील, तोच उदगीरच्या एका निवृत्त तलाठ्यांचा फोन आला. "मॅडम, आमची लढाई नव्वद वर्षं आधीच उरकून टाकलीत की तुम्ही!" मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पान क्रमांकासह दुरुस्ती लिहून प्रकाशकांना पाठवली. "पुढच्या आवृत्तीत करू, ताई," ते म्हणाले.

पुढं सहा वर्षांनी प्रकाशकांनी केलेली माझी फसवणूक उघडकीला आली ती याच चुकीमुळं. लोकांसाठी इतिहास लिहिणारे, पहिल्यांदाच करारावर सही करणारे अनेक जण मला विचारत असतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी लातूर जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायचे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पुस्तकांची रास आहे. आमच्या नळदुर्ग, परंडा, औसा, कंधार, धारूरवर मात्र साध्या वाचकाच्या हाती द्यावं असं फार थोडं होतं. म्हणून सुट्ट्या लागल्या की एसटीनं जायचं, तटावरून फिरायचं, शिलालेखांचे फोटो काढायचे, फारसी जाणणाऱ्यांकडून ते वाचून घ्यायचे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं. नळदुर्गच्या पाणीमहालात मी चार पावसाळे गेले. बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरून कोसळत असतं आणि आतल्या दालनात आपण कोरडे उभे असतो. ते दोन पानांत उतरवायला मला ते चार पावसाळे लागले. पुस्तक पुरं व्हायला सहा वर्षं लागली.

प्रकाशक दुसऱ्या शहरातले. घरी आले, जेवले, हस्तलिखिताचं मनापासून कौतुक केलं. जानेवारी २०१६ मध्ये दीड पानाच्या करारावर मी सही केली. हजार प्रती, किंमत २५० रुपये, मानधन छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे प्रतीमागं २५ रुपये. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "या पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील." किती वर्षं, ते नव्हतं. पुन्हा छापलं तर लेखकाला कळवायचं, हेही नव्हतं. वर तोंडी ठरलं की दोनशे प्रती मी तीस टक्के सवलतीत विकत घ्यायच्या. त्याचे ३५,००० रुपये झाले. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी आणखी २,५०० घेतले. हा क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था फुकट देते, हे मला फार उशिरा कळलं. हिशेब मांडून पाहा. हजारच्या हजार प्रती खपल्या असत्या तरी मला २५,००० मिळणार होते आणि पुस्तक यायच्या आधीच माझे ३७,५०० गेले होते. पुस्तक निघतंय याच आनंदात मी होते. हिशेब मांडलाच नाही.

दर मार्चअखेर एक कागद यायचा. पहिल्या वर्षी ३१० प्रती विकल्या गेल्या, मग १४०, मग ९०, मग ६०. त्यानंतर शून्य. "दोनशे प्रती गोदामात पडून आहेत ताई. इतिहास कोण वाचतंय आता?" मला त्यांचंच वाईट वाटायचं. आपल्यामुळं या माणसाचा पैसा अडकला, असं मी घरीही बोलून दाखवलं होतं.

एप्रिल २०२२ मध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरलं. ग्रंथदालनात एका पुस्तकविक्रेत्याच्या गाळ्यावर माझ्या पुस्तकाचे गठ्ठे दिसले. २५० च्या छापील किमतीवर ३५० ची चिकटपट्टी. गाळ्यावरच्या मुलाला मी कोण ते सांगितलं नाही, नुसतं विचारलं. तो म्हणाला, "हे चालतं मॅडम. वाचनालयवाले पाच-पाच घेऊन जातात." मी एक प्रत घेतली. मुक्कामी आल्यावर सवयीनं उदगीरचं प्रकरण उघडलं. साल १७६० होतं. बरोबर छापलेलं. आणि श्रेयनामावलीच्या पानावर तेच, "प्रथमावृत्ती : २०१६."

दुरुस्ती झाली म्हणजे पुस्तक पुन्हा छापलं. पुन्हा छापलं, तर ती पहिली आवृत्ती कशी?

मी लगेच फोन केला नाही, हे एक बरं केलं. मे महिन्याची सुट्टी समोर होती. लातूर, धाराशिव, नांदेड या तीन जिल्ह्यांतल्या सतरा सार्वजनिक वाचनालयांत गेले. प्रत्येक वाचनालयात दाखल नोंदवही असते. पुस्तक कधी आलं, कुणाकडून, कोणत्या बिलानं, किती किमतीला, हे त्यात लिहिलेलं असतं. तेवीस प्रती पाहिल्या. नऊ प्रतींत १६७०, चौदांत १७६०. त्या चौदांतही दोन प्रकार. काही प्रतींत मराठवाड्याच्या नकाशाखालचं अंतराचं प्रमाण आहे, काहींत ते कापलं गेलंय. नोंदी २०१८, २०१९, २०२१ च्या. ओळखीच्या एका मुद्रकांना तिन्ही प्रकारच्या प्रती दाखवल्या. त्यांनी कण्यावरून बोट फिरवलं. "ही शिवलेली बांधणी. या दोन्ही नुसत्या गोंदावर, पण कागद निरनिराळा. तीन वेळची कामं आहेत बाई. आणि ऑफसेटवर पाचशेच्या खाली कुणी छापत नाही." म्हणजे मला न सांगता किमान दोन वेळा, किमान हजार प्रती.

मग फोन केला. उत्तर तयार होतं. "चोरटी छपाई झाली असेल, ताई. आमचंही नुकसानच." क्षणभर मला ते खरंही वाटलं. पण चोरून छापणारा समोरचं पुस्तक स्कॅन करतो. त्याच्या प्रतीत १६७० तसंच राहिलं असतं. साल सुधारायला मूळ फाइल लागते, आणि फाइल व दुरुस्तीचा कागद दोन्ही फक्त त्यांच्याकडं होते. शिवाय दोन वाचनालयांत खुद्द त्यांच्याच संस्थेची २०१९ ची बिलं फायलीत लावलेली होती. त्या वर्षीच्या माझ्या हिशेबात साठ प्रती आहेत. त्या दोन बिलांवरच पंचेचाळीस होत्या.

लातूरच्या वकिलांकडं कागद घेऊन गेले तेव्हा तिथं जे कळलं ते आधी माहीत असतं तर, असं आजही वाटतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणं, हक्क देताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणजे "सर्व हक्क प्रकाशकाकडे" ही ओळ कायमची नव्हतीच. जानेवारी २०२१ मध्ये पुस्तक माझ्याकडं परत आलं होतं आणि उदगीरला ते ३५० ला विकलं जात होतं. "तुम्ही कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही, हक्क कसला सांगता?" असं प्रकाशक मला म्हणाले होते, तेही खोटं. नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते, पण लिहिल्याबरोबर हक्क लेखकाचाच असतो.

दुसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो. २०१८ मध्ये मी याच प्रकाशकांना दुसरं हस्तलिखित दिलं होतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या साध्या बायांच्या आठवणींचं. त्यात परंडा तालुक्यातल्या एक आजी होत्या. १९४८ साली त्या अकरा वर्षांच्या होत्या. बार्शीकडच्या सरहद्दीवर मुक्तिसैनिकांचे कॅम्प होते, तिथं रात्री भाकरीचं गाठोडं पोचवायच्या. रझाकारांनी वाटेत अडवलं तर काय सांगायचं, ते आईनं घोकून घेतलं होतं. सत्तर वर्षांनंतरही ते वाक्य त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. करार झाला, पण पुस्तक निघेना. यंदा कागद महागलाय, यंदा निवडणूक आहे, अमृतमहोत्सवात काढू म्हणजे खपेल. आजी दर दिवाळीला फोनवर विचारायच्या, "बाई, पुस्तक कवा निघायचं गं?" २०२१ मध्ये त्या गेल्या.

वकिलांनी तो करार वाचला आणि त्याच कलमातलं आणखी एक पोटकलम दाखवलं. हक्क घेणाऱ्यानं एका वर्षाच्या आत तो वापरलाच नाही, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्क दिल्याचं आपोआप रद्द होतं. म्हणजे २०१९ मध्येच ते हस्तलिखित मोकळं झालं होतं. आजी असताना मी ते दुसऱ्या कुणाकडं देऊ शकले असते. माझे बुडालेले पैसे मी विसरेन. हे विसरता येत नाही.

कोर्टात गेले नाही. नोटीस, दाखल नोंदींच्या सही-शिक्क्याच्या नकला आणि तिन्ही प्रतींचे फोटो एवढ्यावर ते तडजोडीला आले. हजार प्रतींचे २५,००० आणि दोन्ही पुस्तकांचे हक्क सोडल्याचं लेखी पत्र मिळालं. वकिलांची फी आणि एसटीची तिकिटं वजा जाता हाती थोडंच उरलं, पण ते पत्र मला हवं होतं.

आता करार करताना मी काही गोष्टींवर अडून बसते आणि तुम्हीही बसा. मुदत आकड्यात लिहा; मी तीन वर्षं लिहिते. प्रत्येक छपाईच्या वेळी मुद्रकाच्या बिलाची नक्कल मागा, कारण प्रतींची खरी संख्या तिथंच सापडते. पुनर्मुद्रण झालं तर पुस्तकात तारखेसह छापायचं, हेही लिहून घ्या. ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद यांचे हक्क "सर्व हक्क" या दोन शब्दांत जाऊ देऊ नका, वेगळे ठेवा. पुस्तक वर्षात निघालं नाही तर हस्तलिखित परत, हे कायद्यात असलं तरी करारात पुन्हा लिहा. प्रती विकत घ्या असं म्हटलं की पेन खाली ठेवा आणि आधी हिशेब मांडा. यावर "ताई, विश्वास नाही का?" असं कुणी विचारलं, तर विश्वास असला तरी कागद लागतो, एवढंच सांगा. प्रामाणिक प्रकाशक याला हरकत घेत नाहीत. माझ्या आताच्या प्रकाशकांनी बिलाची नक्कल मी मागायच्या आधीच पाठवली.

बायांच्या आठवणींचं ते पुस्तक त्यांनीच सप्टेंबर २०२३ मध्ये काढलं, मुक्तिसंग्रामाला ७५ वर्षं झाली त्या महिन्यात. पहिली प्रत घेऊन मी परंडा तालुक्यात गेले. आजींच्या सुनेनं पदराला हात पुसून पुस्तक घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत माझ्याकडं दिलं. "मला वाचता येत नाही. तुम्हीच वाचा," ती म्हणाली. कॅम्पाचं प्रकरण मी ओट्यावर बसून वाचलं.