हाडांची झीज आणि मलेरियाची दोन औषधं: प्रयोगाला कोणतं घ्यावं?

मलेरियाचं औषध हाडांच्या झिजेवर चालतं का हे बघायचं ठरलं, की दोन घराणी समोर येतात. एक क्लोरोक्विनचं, त्यातच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आलं. दुसरं आर्टेमिसिनिनचं, म्हणजे प्रत्यक्षात आर्टेसुनेट किंवा डायहायड्रोआर्टेमिसिनिन. पीएचडीला नव्याने लागलेली मुलं हल्ली हमखास विचारतात की यातलं कुठलं घेऊ. मी दोन्हींवर काम केलंय, म्हणून लिहितो. हे सगळं पेशी आणि उंदरांपुरतं आहे बरं का. ऑस्टिओपोरोसिसवरचं औषध म्हणून यातल्या कशालाही मान्यता नाही. आईच्या हाडांसाठी वाचत असाल, तर डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू ठेवा आणि इथेच थांबा.

कागदावर आर्टेमिसिनिनच जास्त देखणं दिसतं. त्याच्या रेणूतला पेरॉक्साइडचा पूल लोहामुळे तुटतो आणि त्यातून निघणारे मुक्त मूलक, म्हणजे समोर येईल त्याची मोडतोड करणारे रेणूचे तुकडे, मलेरियाच्या परजीवीला मारतात. ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड पोखरणारी पेशी, तीही घडत असताना भरपूर लोह आत ओढते. त्यामुळे कल्पना ऐकताक्षणी पटते. अंडाशय काढलेल्या उंदरांमध्ये डायहायड्रोआर्टेमिसिनिनने हाडांची झीज रोखल्याचा चिनी गटाचा शोधनिबंध 2016 सालचा आहे. शिवाय आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांचं 2015 चं नोबेल आहेच. प्रस्तावाचा पहिला परिच्छेद आयता मिळतो.

क्लोरोक्विन 1934 सालचं, त्यात नवलाई कसली! पण त्याची गोष्ट जास्त नेमकी आहे. टीआरएएफ-3 हे प्रथिन ऑस्टिओक्लास्ट बनण्याला लगाम घालतं. रँकएलचा, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट घडवायला सांगणाऱ्या प्रथिनाचा, संदेश आला की पेशी ते लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या आम्लाने भरलेल्या पचनाच्या पिशवीत, ढकलून मोडीत काढते. क्लोरोक्विन लायसोसोमची आम्लता घालवतं, मोडणी थांबते, लगाम शाबूत राहतो. रॉचेस्टर विद्यापीठाच्या गटाने 2014 मध्ये उंदरांवर हे दाखवलं.

माझा निर्णय मात्र यातल्या कशावरच झाला नाही. तो झाला डायहायड्रोआर्टेमिसिनिनच्या नाजूकपणावर. हा रेणू पेशींच्या कोमट, सीरम घातलेल्या माध्यमात, म्हणजे त्या ज्यात वाढतात त्या पोषक द्रवात, काही तासांतच विरतो. आणि ऑस्टिओक्लास्ट घडायला चार-पाच दिवस लागतात! आपण नेहमीच्या सवयीने दोन दिवसांनी माध्यम बदलतो, म्हणजे मधला बराच काळ पेशी औषधाविनाच वाढत असतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत, रोज ताजं औषध घातलेल्या प्लेटा ट्रॅपने, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट ओळखायच्या रंगाने, रंगवल्या की वाइनच्या रंगाच्या मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी अगदी तुरळक दिसायच्या. मध्येच रविवार आल्याने ताजं औषध चुकलेल्या प्लेटेत त्याच पेशी खुशाल हातपाय पसरून बसलेल्या. मात्रा तीच, बाटली तीच. मग गणपती असो की दिवाळी, डीएमएसओ या द्रावकात विरघळवून गोठवलेल्या औषधाची छोटी नळी काढायची, वितळवायची, वापरायची आणि उरलेलं टाकून द्यायचं. आर्टेसुनेट घेतलं म्हणून सुटका नाही, त्याचंही शेवटी डायहायड्रोआर्टेमिसिनिनच होतं. परिणाम दिसला नाही तर औषध निकामी की औषध तिथे नव्हतंच, हे सांगता येत नाही, आणि मला त्याचाच वैताग आला.

क्लोरोक्विन फॉस्फेट पाण्यात विरघळतं, उजेडापासून जपलं की झालं. सोमवारी घातलेलं बुधवारी असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बुडबुड्यांनी भरलेल्या दिसतात, म्हणजे औषध पोचलंय हे रंगवण्याआधीच कळतं.

त्याच्याही खोड्या आहेत, नाही असं नाही. लायसोसोम बंद केला की पेशीतल्या पन्नास गोष्टी बिघडतात, म्हणून ‘हा परिणाम टीआरएएफ-3 चाच कशावरून?’ हा प्रश्न परीक्षक विचारणारच, आणि तो रास्तही आहे. मात्रा जराशी वाढली की पेशीच मरतात आणि हाड वाचल्याचा आभास होतो. माणसांचा विचार केला तर डोळ्याचा पडदा आडवा येतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसुद्धा वजनाच्या किलोमागे रोज 5 मिलिग्रॅमच्या वर देऊ नये असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. पण संधिवात आणि ल्युपसचे रुग्ण ते वर्षानुवर्षं घेतात, त्यामुळे दीर्घकाळ वापराचा अनुभव तरी गाठीशी आहे. आर्टेमिसिनिनचा मलेरियातला कोर्स साधारण तीन दिवसांचा, आणि डायहायड्रोआर्टेमिसिनिन रक्तातून तासाभरात निम्मं होतं. हाडांचं दुखणं वर्षांचं. हे अंतर बुजवायचं तर औषध हाडापर्यंत नेऊन सावकाश सोडणारं काहीतरी वाहन हवं.

तुमच्या प्रयोगशाळेत असं वाहन बनवणारं कोणी असेल, किंवा प्रश्नच लोहाचा असेल, तर आर्टेमिसिनिन जरूर घ्या. कदाचित पुढची मजा तिथेच असेल. एकट्याने काम करायचं असेल, तर मी आपला क्लोरोक्विनकडे झुकेन. तेवढं टीआरएएफ-3 काढून टाकलेल्या पेशींचं कंट्रोल पहिल्या प्लेटपासून लावा, आणि मात्रा ठरवण्याआधी त्याच मात्रेत किती पेशी जगतात ते मोजून घ्या.