नोव्हेंबरमध्ये पहिली-दुसरीसाठी: मेथी पेरावी की पक्षी पाहावेत?

दिवाळीची सुट्टी संपून मुलं वर्गात येतात, तेव्हा पुण्यात सकाळचा गारवा सुरू झालेला असतो आणि आसपासच्या शेतांत रब्बीची पेरणी. म्हणून करवंटीत मेथी पेरणं मला फार आवडतं. खाली भोक, मूठभर माती, घरच्या डब्यातलेच दाणे रात्रभर भिजवून. तीन-चार दिवसांत कोंब येतो. डोक्यावर मातीचा कण घेऊन वाकलेला तो कोंब बघताना सगळ्यात दंगेखोर मूलही गप्प होतं. पट्टीने रोज उंची मोजली की गणितही होतं. पाणी मात्र हात राखून, नाहीतर दाणे कुजतात.

पक्षीनिरीक्षणाला खर्च शून्य. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, १२ तारखेला डॉ. सलीम अलींचा जन्मदिवस. पण दिवाळी उशिरा आली की हा आठवडा सुट्टीतच जातो. मैदानात साळुंकी, बुलबुल आणि थंडीचा पाहुणा धोबी दिसतो, शेपटी सारखी वरखाली हलवणारा. चाळीस मुलं एकदम नेलीत तर काहीच दिसणार नाही, दहा-दहाचे गट करा.

एकच जमणार असेल तर मेथीच घ्या. दप्तर ठेवायच्या आधी मुलं खिडकीतल्या आपापल्या करवंटीकडे धावतात.