पहिलं मॅच पिस्तूल: लिव्हरचं की सिलिंडरचं?

स्पर्धेची एअर पिस्तुलं दोन प्रकारची: लिव्हरच्यात दर नेमाला हातानं हवा दाबून भरायची, सिलिंडरच्यात ती आधीच भरून ठेवलेली असते. 10 मीटरवर दोन्ही प्रकार पुरेसे खरे मारतात. पहिलं वर्षभर तरी चूक हाताची असते, पिस्तुलाची क्वचितच. त्यामुळं हवा कुठून येते आणि ती भरताना हाताचं काय होतं, एवढंच बघून ठरवा.

लिव्हरच्या पिस्तुलाला बाहेरचं काहीच लागत नाही. नळीखालची लिव्हर पूर्ण उघडायची, क्षणभर थांबायचं आणि एका दमात मिटायची. अर्धवट उघडली तर हवा कमी भरते आणि छर्रा खाली लागतो. मिटताना शेवटचा जोर हलका वाटू लागला, की दट्ट्याचा वायसर गेला समजा. हवा भरून तसंच ठेवून देऊ नये. बाकी कटकट नाही. बेळगावकडच्या आमच्या खानापूरच्या पावसात वीज गेली तरी सराव चालू राहतो.

माझं मत सिलिंडरकडं फिरलं ते ग्रिपवर, म्हणजे मुठीवर. लिव्हर मिटताना उजव्या तळहातानं उलटा जोर द्यावा लागतो. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या पाठीत जिथं रुतलेली असते तिथून किंचित सरकते, करंगळी आवळली जाते. डोळ्याला ते दिसत नाही, पण पिस्तूल वर आणलं की नळीच्या टोकाची माशी मागच्या खाचेच्या एका बाजूला असते. मग मनगट वळवून ती मध्ये आणायची, आणि ट्रिगर दाबताना मनगट पुन्हा आपल्या जागी जातं. मॅचला 75 मिनिटांत 60 नेम, त्याआधी सायटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे नेम. म्हणजे ही जमवाजमव सत्तर-ऐंशी वेळा. सिलिंडरच्या पिस्तुलात डाव्या हातानं छोटी कळ उघडायची, छर्रा ठेवायचा, मिटायची. उजवी बोटं जागची हलत नाहीत. मुरलेल्या नेमबाजाला फरक पडणार नाही कदाचित, पण ज्याची पकड अजून घडायची आहे त्याला पडतो, असं मला वाटतं.

आता सिलिंडरचं दुखणं, आणि आपल्या भागात ते खरंच आहे. 200 बार (बार हे दाबाचं माप) हवा लागते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दहा बारच्या आसपास थांबतो. बेळगावच्या उद्यमबागेत ऑक्सिजनचे सिलिंडर मिळतात, पण ऑक्सिजन कधीही भरू नका, त्यानं स्फोट होऊ शकतो. साधं तेलही कुठं लावू नका. ओ-रिंगला, म्हणजे जोडावरच्या रबरी कडीला, फक्त सिलिकॉन ग्रीस. उरतात दोन वाटा. एक, डायव्हिंगची टाकी, जी भरायला बहुधा चोर्ला घाट उतरून गोव्याकडं जावं लागेल. टाकीतला दाब जसा उतरतो तसा पिस्तुलाचा सिलिंडरही तेवढाच भरतो. टाकी 160 वर आली की तुम्हीही 160 वर.

दुसरी वाट हवेच्या हातपंपाची. सिलिंडर रिकामा होऊ देऊ नका. 150 वरून 200 ला पन्नास-साठ झटके पुरतात. मध्ये थांबा, पंप तापला की सील जातात. जून ते सप्टेंबर आपली हवा ओली असते. दाबली की त्यातलं पाणी सुटतं आणि वाल्व, रेग्युलेटर गंजतात. म्हणून पंपाला सिलिका जेलचा फिल्टर लावा, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदला, आणि दर वेळी तळाचा स्क्रू उघडून पाणी काढा. एवढं केलं की हे दुखणं सोसवतं. ग्रिपचं मला सोसवलं नाही.

जुनं पिस्तूल घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. दहा वर्षं उलटली की तो मॅचमध्ये चालत नाही, आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. ट्रिगर मेकॅनिकल असलेला बरा, सर्किटवर चालणारा इलेक्ट्रॉनिक नको. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं आणि मोलाची मिनिटं गेली. आपल्याकडं तर सर्किट दुरुस्त करणारा शोधण्यातच दिवस जातील. ट्रिगरचा दाब नियमातल्या किमान 500 ग्रॅमच्या काठावर ठेवू नका, 510-520 ठेवा, म्हणजे तपासणीत वजन उचलताना तो सुटत नाही.

घरच्या घरी सराव, जिल्ह्याबाहेर जायचा विचार नाही आणि हात आखडता, तर लिव्हरचं घ्या, वाईट नाही. स्पर्धेत उतरायचं असेल तर थोडे महिने थांबा, पैसे साठवा आणि दोन सिलिंडरांसह घ्या; एक सरावाला, दुसरा मॅचसाठी भरून बाजूला.